आगाशी ते पापडी, क्रुसाच्या वाटेने

आम्ही नेतो तो क्रूस एका पाडलेल्या घराच्या वाशांचा आहे. आळीतलं जुनं कौलारू घर गेलं, तिथे बंगला उठला, तेव्हा आमच्या सुताराने सागाचे दोन वासे बाजूला काढून ठेवले होते. आडव्या वाशात जुन्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात, कडेने गंजाचे तांबूस डाग आहेत. उचलताना तो फारसा जड वाटत नाही. दहा मिनिटांनी खांद्याच्या हाडाशी त्याची ओळख होते आणि मग टॉवेलची घडी कितीही जाड केली तरी ती ओळख काही तुटत नाही.

गुड फ्रायडेला पहाटे वसई तालुक्यातल्या आगाशीहून निघायचं आणि दुपारी तीनच्या आत पापडीच्या कृपामाता कॅथेड्रलला पोहोचायचं, असा आमचा बेत असतो. धर्मप्रांताने, म्हणजे बिशपांच्या कारभाराने, नेमून दिलेली ही यात्रा नव्हे. चार हौशी माणसांनी सुरू केली, हळूहळू माणसं वाढत गेली. बँड नाही, माइक नाही. गुरुवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की ईस्टरच्या रात्रीपर्यंत चर्चची घंटा मुकी असते, म्हणून आमच्या पुढे चालणारा पोरगा लाकडी खटखटा वाजवतो. शुक्रवारी मिस्साही नसते. वेदीवरची चादर काढलेली, मेणबत्त्या उचललेल्या.

यंदा शेजारचे काका बरोबर आले. माळकरी माणूस, आषाढीला आळंदीहून चालत पंढरपूर गाठणारे. "येऊ का गं बाय? माझ्या पायांना सवय आहे," म्हणाले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या चपला तपासल्या. नव्या कोऱ्या बुटांतल्या एका पोराला परत घरी पिटाळलं, मला तळव्यांना खोबरेल चोळून दोन मोजे घालायला लावले. इतकी वर्षं आम्ही चालतोय, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आगाशी सोडली की नंदाखालपर्यंत वाट केळीच्या वाड्यांतून जाते. बावखलांचं, म्हणजे वाड्यांतल्या तळ्यांचं, पाणी उन्हाळ्यात खाली गेलेलं असतं, तरी पहाटे त्यावरून गारवा येतो. आमच्याकडे आळीआळीला क्रूस आहेत. चुन्याने रंगवलेले, चाफ्याचे हार घातलेले. मुंबईच्या गावठाणांतले असे कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगच्या साथीत उभे राहिले. घराघरातून मयत निघत होती तेव्हा माणसांनी रस्त्यात येऊन आसरा मागितला, तो असल्या क्रुसाखाली. आम्ही आमची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे चौदा टप्पे, अशाच क्रुसांपाशी घेतो. गुडघे टेकायचे, वाचन, थोडं चिंतन, गाणं, आणि पुढचा खांदा.

या चौदा स्थानांची गंमत अशी की ती जशीच्या तशी शुभवर्तमानात नाहीत. येशू तीन वेळा पडला, असं आपण म्हणतो. मत्तय, मार्क, लूक, योहान, चौघांतल्या एकानेही तो पडल्याचं लिहिलेलं नाही. रुमालाने त्याचं तोंड पुसणारी वेरोनिकाही तिथे सापडत नाही. यरुशलेममधल्या त्या वाटेवरून शतकानुशतकं यात्रेकरू चालले, फ्रान्सिस्कन साधूंनी ती भक्ती गावोगाव नेली, आणि १७३१ साली पोप बाराव्या क्लेमेंट यांनी आकडा चौदावर पक्का केला. माझी सगळ्यात आवडती स्थानं ही पडण्याचीच. ज्यांनी ती घातली ते स्वतः चालून दमलेले असणार. एवढं ओझं घेऊन माणूस पडणारच, हे त्यांना कुणी लिहून द्यायची गरज नव्हती.

पाचव्या स्थानापाशी एक बाई क्रूस घ्यायला पुढे आल्या. आमच्याच भागातल्या, फुलांच्या. पहाटे तोडलेली फुलं घेऊन दादरच्या बाजाराला जाणाऱ्या. हे स्थान कुरेनेकर शिमोनाचं, ज्याला शिपायांनी येशूचा क्रूस वाहायला लावला त्याचं. चिंतन वाचणाऱ्याने कागदावरून वाचलं, की आपणही आपापला क्रूस कुरकुर न करता, मुकाट्याने वाहिला पाहिजे. बाईंनी वाचून होईस्तोवर ऐकलं, क्रूस खांद्यावर घेतला आणि मला म्हणाल्या, "मग बोलते."

निर्मळला होली क्रॉस चर्चसमोर थांबलो. निर्मळ म्हणजे शंकराचार्यांच्या समाधीचं गाव, कार्तिकातल्या जत्रेचं. काकांनी टेकडीच्या दिशेने हात जोडले, मग चर्चकडे वळून जोडले, आणि चहाचा कप हातात आल्यावर मनातलं विचारलं. "आमचा विठोबा कमरेवर हात ठेवून स्वस्थ उभा. तुमचा हा रक्तबंबाळ. लहान पोरांना घेऊन तुम्ही त्याच्यासमोर बसता. बघवतं कसं?"

मी म्हटलं, काका, पहिल्यावहिल्या ख्रिस्ती लोकांनाही बघवत नव्हतं. क्रूस म्हणजे रोमनांनी गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेलं मरण. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ साली कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने ६,००० माणसं टांगली होती. ज्यांनी असलं काही डोळ्यांनी पाहिलंय ते त्याची चित्रं काढत नाहीत. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक जुनं चित्र सापडलंय. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, शेजारी हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनॉस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक. टिंगलीचं.

काका म्हणाले, "टिंगल बरोबरच आहे की. देव असा मरतो का कुठे?"

हाच तो प्रश्न. लहानपणी मला त्याचं उत्तर हिशेबाच्या भाषेत मिळालं होतं. माणसाने पाप केलं, देवाचं देणं झालं, ते फेडायची माणसाची ऐपत नाही, म्हणून येशूने रक्त देऊन फेडलं. मी देवाला खातेवही उघडून बसलेल्या सावकारासारखी पाहायची आणि मनातून घाबरायची. या मांडणीमागे मोठं नाव आहे, अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांचं. त्यांची मांडणी माझ्या बालबुद्धीपेक्षा फार बारीक होती, हे नंतर कळलं. त्यांच्या मागोमाग आबेलार या फ्रेंच पंडिताने उलट बाजू धरली, की क्रुसावर देवाचं प्रेम दिसतं आणि ते पाहून माणूस पालटतो. त्याच्याही कितीतरी आधीचे धर्मपिते, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतले चर्चचे शिक्षक, म्हणत, येशू मरणाच्या तावडीत शिरला तो मरणाचंच राज्य मोडायला. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं कोकरू, यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक, या प्रतिमा तर येशूच्या पहिल्या शिष्यांपासूनच्या.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चर्चने यातलं कुठलंही एकच स्पष्टीकरण सक्तीचं केलं नाही. ३२५ साली निकेयात आणि ४५१ साली खाल्केदोनात धर्मसभा भरल्या, येशू कोण यावर एकेका शब्दासाठी भांडणं झाली. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, हे ठरलं. आमच्या तारणासाठी तो आला, हे श्रद्धांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, आलं. त्याच्या मरणाने तारण नेमकं कसं होतं, तेवढं मात्र कुठल्याच धर्मसभेने एका सूत्रात बांधलं नाही.

गासला संत गोन्सालो गार्सियाचं चर्च लागतं. तिथे काकांनी चौकशी केली, हा कोण? आमचाच, वसईचा. १५५७च्या सुमारास इथे जन्मला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून परत जपानला. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून त्याला आणि इतरांना क्योतोत पकडलं, डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेलं. जवळजवळ महिनाभर. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. १८६२ साली त्याला संत घोषित केलं.

"म्हणजे हाही तसाच गेला," काका म्हणाले. "मग दोघांत फरक काय?"

वारकऱ्याला असले प्रश्न सुचतात ते त्यांना कीर्तनाची सवय असते म्हणून, असं मला वाटतं. आमच्याकडे प्रवचन ऐकून घरी जातात. मी चालता चालता सांगत गेले. गोन्सालो साक्षीदार. त्याच्या मरणाने जगाचं तारण झालं, असं कुणी म्हणत नाही. येशूच्या बाबतीत म्हणतो, कारण आमची श्रद्धा अशी की क्रुसावर होता तो देवच. वर बसलेल्या देवाने खाली एका निरपराध्याला शिक्षा दिली, असं मानलं तर ती नुसती क्रूरता झाली. पण तो स्वतःच खाली उतरला, माणसाने माणसाचं करता येईल तेवढं वाईट केलं, ते त्याने अंगावर घेतलं आणि उलट शाप दिला नाही, क्षमा मागितली ती मारणाऱ्यांसाठी. "माझ्या देवा, तू मला का सोडलंस," हे २२व्या स्तोत्रातलं वाक्यही त्याच्याच तोंडी आहे. म्हणजे देवाने टाकल्यासारखं वाटण्यापर्यंत देव येऊन गेलाय. आणि रविवार नसता तर शुक्रवार हा एक खून होता, बाकी काही नाही. पौलाने करिंथकरांना स्पष्टच लिहिलंय, ख्रिस्त उठला नसेल तर तुमची श्रद्धा फुकट.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुकोबांनाही लोकांनी कमी छळलं नाही." मी वाद घातला नाही.

गासहून सनसिटीला जाणारा रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली असतो आणि चैत्रात तव्यावर. दोन्ही बाजूंना खाजण, पुढे टॉवरांची रांग, झाड औषधाला नाही. इथे गाणी थांबतात. फुलांच्या बाई माझ्या बाजूला आल्या आणि पाचव्या स्थानाची बाकी राहिलेली गोष्ट काढली.

त्यांचं लग्नाचं आयुष्य आम्हा सगळ्यांना थोडंफार माहीत. नवरा मारायचा. मदत मागायला गेल्या तेव्हा प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एका मान्यवराने सांगितलं होतं, हा तुझा क्रूस आहे, येशूकडे बघ आणि वाहून ने. त्यांनी वाहिला, हात मोडेपर्यंत. मग पोरांना घेऊन माहेरी आल्या.

क्रुसाचा इतका वाईट उपयोग दुसरा नसेल. आणि तो करणाऱ्यांनी शुभवर्तमान नीट वाचलेलं नसतं. नाझरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हा तो लपला. गेथशेमानेच्या बागेत त्याने हा प्याला टळू दे म्हणून विनवलं. मुख्य याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, माझं चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मारतोस का? योहानाच्या १८व्या अध्यायात आहे ते, आणि गुड फ्रायडेला दरवर्षी चर्चमध्ये मोठ्याने वाचतात. त्याने मरण पत्करलं ते आपणहून, दुसऱ्यांसाठी. दुसऱ्याने लादलेला मार गुपचूप खाणं ही वेगळीच गोष्ट आहे.

पापडीला पोहोचलो तेव्हा उपासना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हापासून हे कॅथेड्रल. गर्दी अंगणातून रस्त्यावर आलेली. योहानाने लिहिलेली दुःखसहनाची कथा वाचली गेली. मराठीत. माझ्या आजीच्या तरुणपणी हे सगळं लॅटिनमध्ये चालायचं. तिला शब्द पाठ होते, अर्थ विचारला की हसायची. थोबाडीतलं वाक्य आलं तेव्हा बाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. नंतर क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग लागली. काका मागच्या बाकावर मोजे काढून तळवे चोळत बसले होते.

बाहेर पेज आणि लोणचं होतं. आमच्या बरोबर चाललेले फादर भेटले, त्यांच्याकडे मी पाचव्या स्थानाच्या त्या कागदाचा विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी त्या स्थानाचं चिंतन तुम्हीच लिहा." मी बाईंकडे बोट दाखवलं.

"लिहीन," बाई म्हणाल्या, "शुद्धलेखन हिने बघायचं."

रिक्षात बसेपर्यंत आमचं वाजलं. माझं म्हणणं, योहानातली थोबाडीत घ्यायचीच. बाईंना शिमोनच हवा होता. मार्काने लिहिलंय की तो शेतावरून येत होता आणि त्याला वेठीला धरला. आलेक्सांद्र आणि रूफ ही त्याच्या पोरांची नावंही दिली आहेत. "शेतावरून येणाऱ्या माणसाला शिपायांनी धरलं," बाई म्हणाल्या. "मनाने कुठे उचलला त्याने? घरी पोरं वाट बघत असतील. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला, ते आधी लिहू. तुझी थोबाडीत नंतर घाल."