देब्रेत्सेनची दणकट माणसं

आज हंगेरीतल्या देब्रेत्सेनला देरी संग्रहालय बघायला गेले आणि दारातच रमले. बाहेर मेद्येशी फेरेंत्सची चार ब्राँझ शिल्पं रेलून बसलीयत: पुरातत्त्व, लोकसंस्कृती, विज्ञान, कला. नावं जडजड, अंगावर मात्र कापडाचा सोस नाही. मेद्येशी ह्याच गावचा, शिकलेला डॉक्टर, मग पॅरिस गाठून शिल्पकार झाला. म्हणूनच की काय, ह्या देहांत लाडिकपणा औषधालाही नाही. जाड मांड्या, रुंद खांदे, शेतात राबणाऱ्यांची हाडंपेरं. मला तरी गुळगुळीत संगमरवरी अप्सरांपेक्षा हीच माणसं आवडली. १९३७च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ह्याच शिल्पांना ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, मिळालं होतं! आतली हंगेरियन चित्रकार मुंकाचीची भलीमोठी ख्रिस्तचित्रं आता उद्या बघेन.