दोन इंजिनं आणि एक परीक्षक

मी एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. आठवडाभर सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार विमान, असं गेली काही वर्षं चाललंय. प्रायव्हेट लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगातही नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी), दोन्ही एका इंजिनाच्या सेसनावर झालं. मग मल्टी-इंजिनचं, म्हणजे दोन इंजिनांचं विमान उडवायच्या रेटिंगचं, डोक्यात शिरलं. बायकोने "आता हे कशाला?" असं एकदाच विचारलं आणि सोडून दिलं, कारण उत्तर तिलाही माहीत होतं.

कागदावर हे रेटिंग अगदी सोपं दिसतं. लेखी परीक्षा नाही, किमान तासांची अट नाही. इन्स्ट्रक्टरने शिकवायचं, "तयार आहे" म्हणून लॉगबुकात सही करायची आणि परीक्षकाने चेकराइड, म्हणजे तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा, घ्यायची. म्हणजे माणसं दोनच लागतात. ती गाठायला माझे आठ महिने गेले.

पहिली अडचण माझीच. मी ग्रीन कार्डवाला, नागरिक नव्हे. परदेशी माणसाला मल्टी-इंजिन शिकायचं तर आधी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, मंजुरी लागते, बोटांचे ठसे वगैरे. माझी त्याला ना नव्हती. पण शिकवणाऱ्यालाही टीएसएच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि स्वतंत्रपणे शिकवणारे बरेच जण त्या भानगडीत पडत नाहीत. तिघांनी गोड बोलून नाही म्हटलं.

चौथा तयार झाला. भला माणूस. बॅरन या दोन इंजिनांच्या विमानावर शेकडो तास उडवलेला. मंजुरी आल्यावर पायपर सेमिनोल हे दुसरं दोन इंजिनांचं विमान भाड्याने घेऊन दोन धडे झालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी लॉगबुक भरताना मी सहज विचारलं, सेमिनोलवर तुमचे स्वतःचे किती तास? "तीन, साडेतीन असतील." मी गप्प झालो. मल्टी-इंजिन रेटिंगसाठी शिकवायचं तर त्याच मेक-मॉडेलवर पायलट-इन-कमांड (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून इन्स्ट्रक्टरचे किमान ५ तास असावे लागतात. बॅरनचे शेकडो तास इथे उपयोगाचे नाहीत. दोन्ही धडे आणि त्यांचं भाडं पाण्यात. त्याला राग आला नाही, उलट तोच ओशाळला. पण चूक माझीही होती. प्रश्न पहिल्या फोनवरच विचारायला हवा होता. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या साइटवर कुणाच्या सर्टिफिकेटवर काय आहे ते दिसतं, ते मी पाहिलं होतं. त्या मॉडेलवरचे तास तिथे दिसत नाहीत.

शेवटी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला एक स्कूल मिळालं, घरून दोन तासांच्या ड्राइव्हवर. शेवटची काही मैलं अमिश लोकांच्या घोडागाड्यांच्या मागून जायचं. इन्स्ट्रक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "एअरलाइनला लागतात ते १५०० तास माझे होत आलेत. ऑक्टोबरनंतर मी तिकडे." स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात, पण पोटात गोळा आलाच.

शिकवायची मात्र झकास. उड्डाणात कधीही, माझ्या बोलण्याच्या मधेच, एका इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढायची, म्हणजे ते इंजिन गेलं असं समजायचं. नाक वळू लागलं की उलट बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने दाबून ते सरळ धरायचं. जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन गेलेलं. मग खात्री करायला त्याच बाजूचा थ्रॉटल मागे घेऊन पाहायचा आणि मगच फेदरला, म्हणजे बंद इंजिनाच्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर करणाऱ्या लिव्हरला, हात लावायचा. घाईत चालू इंजिन फेदर करणारे पायलट झालेले आहेत. मीही एकदा चुकीच्या लिव्हरवर हात ठेवला. ती काही बोलली नाही, नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली.

ऑगस्टअखेर मी तयार झालो. आता परीक्षक. इथे चेकराइड बहुधा डीपीई नावाचे परीक्षक घेतात. ते एफएएने नेमलेले असले तरी पगारी नोकर नव्हेत. फी ज्याची त्याची, एफएए ती ठरवत नाही. पूर्वी त्यांना हद्द होती, आता कुठलाही चालतो. पण प्रत्येकाला मल्टी-इंजिनचे अधिकार नसतात. यादीत गाळणी लावल्यावर नावं थोडीच उरली. फोन केले, मेसेज टाकले. अर्ध्यांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंनी १४ नोव्हेंबर दिली.

आणि इथेच गोम होती. चेकराइडच्या तयारीचं प्रशिक्षण अर्जाच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत झालेलं लागतं. नोव्हेंबरसाठी ऑगस्टचे धडे बाद. आणि सही करणारी ऑक्टोबरअखेर निघालेली! तिच्या शेवटच्या आठवड्यात, सामान बांधायचं सोडून, तिने मला दीड तास उडवलं आणि नवी सही दिली. मी चितळ्यांची बाकरवडी नेली होती. ती तिने विमान जमिनीवरून चालवत नेतानाच फोडली.

१४ तारखेला तोंडी परीक्षा झाली. बाईंचा पहिलाच प्रश्न, या विमानाचं क्रिटिकल इंजिन, म्हणजे जे गेलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड ते, कोणतं? एकही नाही, सेमिनोलचे दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरतात. एक इंजिन गेलं तर चढण्याची ताकद अर्धी होते का? नाही, साधारण ८० टक्के जाते. बाहेर ढग खाली उतरले ते उतरलेच. उड्डाण रद्द, हातात लेटर ऑफ डिसकंटिन्युअन्स, म्हणजे परीक्षा अर्धवट थांबल्याचं पत्र. ६० दिवसांत उरलेलं पूर्ण करा, तोंडी पुन्हा द्यायला नको.

डिसेंबरात कुणीतरी तारीख सोडली आणि ती मला मिळाली. व्हीएमसी म्हणजे एका इंजिनावर ज्याखाली विमान काबूत राहत नाही तो वेग. त्याच्या डेमोत डावं इंजिन आयडल (जेमतेम चालू), उजवं फुल, नाक वर. वेग हळूहळू वेगमापकावरच्या ५६ नॉट्सच्या लाल रेषेकडे सरकत होता आणि माझा उजवा पाय थरथरत होता. वर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, त्यामुळे स्टॉल हॉर्नच (पंखांची उचल संपत आल्याचा भोंगा) आधी वाजला. उजवा थ्रॉटल मागे, नाक खाली, दिशा कायम. मग एका इंजिनावर इन्स्ट्रुमेंट अप्रोच, नाहीतर दोन इंजिनांवर फक्त व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघूनच उडवायचं, असा शिक्का पडतो. निळी रेषा, म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढायचा वेग, ८८ नॉट्स, काही केल्या सोडायची नाही. नाही सोडली.

तात्पुरतं सर्टिफिकेट साध्या कागदावर छापून मिळालं, मुदत १२० दिवस. शाई संपत आली होती, माझं आडनाव जेमतेम उमटलं. बाईंनी सही केली आणि स्वतःची डायरी उघडून म्हणाल्या, "ओळखीत कुणी असेल तर सांग, फेब्रुवारीत एक जागा आहे."