चॅनल निवडणारे अ‍ॅक्सेस पॉइंट आणि उसना अनुभव

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे २० मेगाहर्ट्झचे चॅनल धड तीनच: १, ६ आणि ११. त्यामुळे आपोआप चॅनल निवडणाऱ्या जाळ्यात पहिली गडबड ठरलेली. १ वर गर्दी दिसली की सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणं) एकदम ६ वर उड्या मारतात, तिथे कोंडी झाली की पुन्हा माघारी. यावर हुशार अल्गोरिदम लागत नाही. हलण्याआधी प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबायचं, आणि नवा चॅनल ठळकपणे सरस असेल तरच हलायचं.

पॉइंटांनी आपला अनुभव एकमेकांशी वाटताना नुसतं ‘६ वाईट’ एवढं कळवून भागत नाही. नोंदीत वेळ हवी, चॅनल किती टक्के व्यस्त होता ते हवं, किती फ्रेम (डेटाचे तुकडे) पुन्हा पाठवाव्या लागल्या तेही हवं. गच्चीवरच्या पॉइंटला ऐकू येणारा गोंगाट तळघरातल्याच्या कानीही पडत नाही. म्हणून ज्यांचे स्कॅन, म्हणजे आसपास काय ऐकू येतं त्याची पाहणी, आपल्याशी जुळतात त्यांच्याच नोंदींना वजन द्या. जुन्या नोंदींचं वजन उतरवत न्या.

५ गिगाहर्ट्झच्या रडार-चॅनलवर (जे रडारही वापरतं) चुकीची निवड महागात पडते. साधारणपणे ६० सेकंद आधी नुसतं ऐकायचं, रडार सापडलं तर तो चॅनल ३० मिनिटं बंद. शेजारच्या पॉइंटने रडार आधीच पाहिलं असेल, तर ही फेरी वाचते.