खरखरीची गोष्ट

माझ्या गिटारच्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला, दोन आवाज आहेत: एक स्वच्छ, म्हणजे क्लीन, आणि दुसरा खरखरीत, म्हणजे ओव्हरड्राइव्ह. मध्ये पायानं दाबायचा एक फूटस्विच. टक् केलं की तीच गिटार, तीच बोटं, पण वाजवणारा भलताच कोणीतरी.

अँप ट्यूबचा, म्हणजे तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, त्यामुळे चालू केल्या केल्या त्याला कंठ फुटत नाही. आधी मागच्या जाळीतून नारिंगी ठिपके दिसतात, मग तापलेल्या धुळीचा वास येतो. तेवढ्यात मी तारा सुरात लावून घेतो. पुढच्या छोट्या ट्यूबचं नाव १२एएक्स७. इतक्या गोड आवाजाच्या वस्तूला असं रुक्ष नाव का द्यावं?

क्लीन चॅनेलवर मी पहिलं वर्षभर फिरकलोच नाही. तिथं ट्यूबवर ताण नसतो, तारेचं हलणं ती जवळपास जसंच्या तसं मोठं करून सांगते. एक ठोका जड, पुढचा हलका, बोट फ्रेटपासून, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीपासून, जरा मागं, सगळं उघड्यावर. चुगलखोर चॅनेल! मी आपला ओव्हरड्राइव्हमध्ये मुक्काम ठोकला.

तिथं उलटा कारभार. ट्यूबला झेपणार नाही एवढा सिग्नल तिच्या गळी उतरवायचा. लाटेचा माथा आणखी वर जाऊ शकत नाही, दबून चपटा होतो, आणि त्या चपटेपणातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्मतात. जोरातला ठोका फारसा मोठा होत नाही, हळू ठोका मात्र वर उचलला जातो. म्हणून सूर लांबतो आणि नवख्याचा हातही सराईत वाटतो. खरं तर ही खोट. अँप बनवणारे ती टाळायला धडपडायचे, आणि वाजवणारे तीच शोधत होते. किंक्स या ब्रिटिश रॉक बँडच्या गिटारवादक डेव्ह डेव्हिसनं १९६४ मध्ये छोट्या अँपच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं चिरला. ती खरखर ट्यूबपेक्षा फाटक्या कागदाची जास्त, पण हौस तीच.

मला सगळ्यात नवल वाटतं ते कॉर्डचं, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचं. ओव्हरड्राइव्हमध्ये षड्ज-पंचम एकत्र छेडा. समजा षड्ज ११० हर्ट्झचा, पंचम १६५ चा. दोघांमधला फरक ५५, आणि तो सूरही खरोखर ऐकू येतो, षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. कुणी न वाजवलेला खर्ज! दोन तारांत एवढा भरणा येतो तो उगीच नाही. पण यात फ्रेटवरचा गंधार मिसळला की हे फरकाचे सूर एकमेकांच्या अंगावर येतात आणि चिखल होतो. तोच कॉर्ड क्लीनवर नितळ.

ओव्हरड्राइव्ह चुका झाकतो, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. झाकतो तो ठोक्यांचा उंचसखलपणा. न वाजवायच्या तारेला नख लागलं तर मात्र दवंडी पिटतो. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून गप्प करणं मी शिकलो ते या धाकानं.

पुढे एकदा अँपवरचा गेन (ट्यूबला किती सिग्नल पाजायचा ते ठरवणारं बटण) तसाच ठेवून गिटारवरचाच व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला. खरखर विरघळली. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोर लावला तर घसा खरवडतोय. हे इतकं सोपं होतं? तेव्हापासून फूटस्विच टेबलाखाली धूळ खातोय.

आणि एक पोरखेळ. अँप बंद करता करता एक कॉर्ड छेडायचा. मेन स्विच पडला तरी ट्यूब गरम असतात आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते, तिच्यावर अँप काही सेकंद बोलत राहतो. वीज सरत जाते तसा कॉर्ड खचतो, क्लीन चॅनेलवर असला तरी जाता जाता खरखरतो. मग फक्त तारांचा बारीक, सुका आवाज.