रक्ताचं किती, घरचं किती: तुम्ही विचारलंत म्हणून

"मुलगी दत्तक ना तुमची? मग हिची हुशारी नेमकी कुणाची?" हा प्रश्न येणार हे मला आता समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. तिला चांगले मार्क मिळाले की प्रश्नात कौतुक असतं, कमी मिळाले की सांत्वन. पोटच्या मुलांच्या आईबापांना हे कुणी विचारत नाही. त्यांची दोन्ही खाती एकाच नावावर, त्यामुळे हिशेब मागायचा प्रश्नच येत नाही.

ती नऊ वर्षांची असताना गणितात मागे पडायला लागली, तेव्हा शाळेच्या सांगण्यावरून तिची बुद्धिमापन चाचणी करून घेतली. दाराला काच होती, मी बाहेरून बघत होते. लाल-पांढरे ठोकळे फिरवून समोरच्या चित्रासारखी नक्षी जुळवायची, बाजूला स्टॉपवॉच. तिने नक्षी जवळजवळ पुरी केली. एक कोपरा बसेना. तेवढा ठोकळा फिरवला असता तरी चाललं असतं, पण तिने अख्खी नक्षी मोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. वेळ संपली. घरीही तिचं हेच असतं, एक अक्षर बिघडलं की अख्खं पान फाडायचं. ही बुद्धी कमी असल्याची खूण की स्वभावाची, हे त्या घड्याळाला कुठून कळणार?

नंतर समुपदेशक बाईंनी अहवाल समोर ठेवला. मुलगी माझ्या शेजारीच होती. "दत्तक आहे असं फॉर्मवर लिहिलंय. जन्मदात्यांचं शिक्षण किती?" माहीत नाही, म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "मग फार अपेक्षा ठेवू नका. शेवटी खाण तशी माती." मुलगी बुटाचा वेल्क्रोचा पट्टा चर्र करून उघडत होती, लावत होती. तो आवाज थांबला. परत येताना तिने विचारलं, "माती म्हणजे मी का?" मी म्हटलं, बाईंना बागकामाची आवड असेल. ती हसली नाही.

तेव्हापासून मी वाचायला लागले, आणि खरं सांगते, ज्ञानासाठी नाही, त्या बाईंना खोटं पाडण्यासाठी. तेव्हाची मी ठामपणे म्हणायची की मूल घडवावं तसं घडतं. आकड्यांनी तिची बाजू घेतली नाही. 2010 साली चार देशांतल्या सुमारे 11,000 जुळ्यांच्या जोड्यांची माहिती एकत्र करून मांडली गेली. मुलामुलांच्या बुद्धीत जो फरक दिसतो, त्यातला 9व्या वर्षी साधारण 41 टक्के, 12व्या वर्षी 55 टक्के आणि 17व्या वर्षी 66 टक्के फरक जनुकांकडे जातो. मला उलटं वाटायचं, जितकी जास्त वर्षं घरात, तितका घराचा ठसा पक्का. कोलोरॅडोमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासाने तर उरलीसुरली हवाही काढली. सोळाव्या वर्षी त्या मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण वाढवणाऱ्या आईवडिलांशी जवळपास जुळतच नव्हते. जन्मदात्यांशी जुळत होते, आणि तेही इतर घरांतल्या मुलांचे आपापल्या आईवडिलांशी जुळतात तितकेच. हे वाचून मला राग आला. आकड्यांवर रागावून काय होणार, पण आला.

तरीही त्या बाई बरोबर होत्या असं मी म्हणणार नाही. एक तर हे टक्के लोकसमूहातल्या फरकाचे आहेत. माझ्या मुलीच्या डोक्यातले 41 टक्के जन्मदात्यांचे आणि बाकीचे माझे, असा त्यांचा अर्थ होत नाही. शिवाय वयाबरोबर हा वाटा वाढतो त्याचं एक कारण मला पटतं: लहान मूल आपण हातात देऊ ते पुस्तक बघतं, मोठं मूल स्वतःच्या ओढीने पुस्तकं, मित्र, विषय निवडतं, आणि ती निवड पुन्हा त्याला घडवते. आता ही ओढ जनुकांच्या खात्यात टाकायची की त्या पुस्तकांच्या? आणि उपजत आहे म्हणजे अटळ आहे, हे तर साफ चूक. फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार जनुकांमुळेच होतो, त्यात मेंदूची वाढ खुंटते. पण जन्मल्यावर लगेच निदान होऊन ठरावीक आहार सुरू केला, तर मूल इतरांसारखं वाढतं.

स्वीडनमध्ये 436 भावांच्या जोड्या तपासल्या होत्या, एक भाऊ जन्मदात्यांकडे, दुसरा दत्तक गेलेला. अठरा ते वीसच्या वयात दत्तक गेलेल्यांचे बुद्ध्यांकाचे गुण सरासरी 4.4 ने जास्त निघाले. हा आकडा मी बरेच दिवस पदकासारखा मिरवला. मग तेव्हाची मी पुन्हा भांडायला उभी राहिली: एवढंच? इतक्या रात्री वाचून दाखवलेल्या गोष्टी, पाढ्यांवरून झालेली रडारड, आणि हाती काय, साडेचारसुद्धा नाही? तिला माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं 4.4 पुष्कळ झाले, कधी वाटतं गोष्टी काही गुणांसाठी वाचत नव्हते. यातलं दुसरं मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते का, तेही सांगता येत नाही.

आणि नऊ वर्षांच्या मुलीचा निकाल लावायची घाई कशाला? स्कॉटलंडमध्ये 1932 साली अकरा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली होती. त्यातल्या काहींनी नव्वदीत तीच चाचणी पुन्हा दिली. दोन्ही गुणांचा सहसंबंध 0.54 आला. 1 आला असता तर सगळ्यांचा क्रम जसाच्या तसा राहिला असता. 0.54 म्हणजे अकराव्या वर्षाची छाप नव्वदीतही दिसते, आणि तरी मधल्या आयुष्यात कितीतरी जण एकमेकांच्या पुढेमागे झाले. का झाले, ते एका कारणात मावणारं नाही.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बरं, पण तिचे खरे आईवडील कोण होते?" तो प्रश्न माझा नाही, तुमचाही नाही. तिला शोधायचं असेल तर ती शोधेल, आणि जे सापडेल ते कुणाला सांगायचं तेही तीच ठरवेल.