खामगाव ते शेगाव धावत: मांड्या लागल्या तेव्हा

श्रावणातल्या एका रविवारी पहाटे पाचला खामगावहून शेगावला धावत निघालो. अंतर साधारण 17 किलोमीटर. पंढरपूरहून परतणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीचा शेवटचा टप्पा याच रस्त्याने जातो, म्हणून तो एकदा पळायचाच होता. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन. अर्ध्या वाटेवर सर आली, ती आनंदाने अंगावर घेतली.

अंगात सुती बनियन, खाली सैल हाफपँट, दोन्ही चिंब. ओली कातडी मऊ पडते, लवकर सोलते. मग ऊन पडलं, घाम वाळला आणि त्याचं मीठ मागे राहिलं. बाराव्या किलोमीटरला पँटच्या शिवणीवर मिठाची पांढरी रेघ होती आणि तिच्याखाली जांघ लालभडक. चहाच्या टपरीवर एक म्हातारे वारकरी माझी चाल बघून म्हणाले, "मांड्या लागल्या काय बापू? निंघतानीच तेल लावा लागते ना!"

खरंच आहे ते. आग सुरू झाल्यावर उपयोग कमी. निघण्याआधीच जांघा, काखा, स्तनाग्रं यांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. खोबरेल चालतं, पण लवकर पुसलं जातं. बायांनी ब्राच्या पट्ट्याखाली विसरू नये. स्तनाग्रांवर कागदी चिकटपट्टी लावली तर रक्त येत नाही. सुती कपडा घाम धरून ठेवतो. मांडीला घट्ट बसणारी पॉलिस्टरची शॉर्ट बरी, पण नवीकोरी लांब पल्ल्याला पहिल्यांदा घालू नका. पाठीवर सॅक असेल तर पट्ट्यांखालीही जेली हवी.

शेगावला पोचल्यावर मी कडक पाण्याने, साबण चोळून आंघोळ केली. डोळ्यांत पाणी आलं. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम. स्पिरिट नको, उघड्या जखमेवर पावडर नको. भरेपर्यंत पळणं बंद.

पू, पसरणारी सूज किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा; मधुमेह असेल तर वाटच बघू नका. कडेने गोल वाढणारी, खाजणारी लाली म्हणजे बहुतेक गजकर्ण. आपल्या गावांत त्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब सर्रास आणतात. खाज दबते, पण आतून गजकर्ण पसरतं. कृपा करून आणू नका.

परतीच्या एसटीत ओल्या पँटीवर बसवत नव्हतं. सॅकमध्ये एक कोरडी लुंगी ठेवाच.