सड्यावर झाडं का नाहीत

जून जवळ आला की व्हॉट्सॲपवर पोस्टर फिरायला लागतात, चला अमुक पठार हिरवं करूया, येताना एक रोप घेऊन या. माणसं मनापासून करतात हे मला माहितीये, पण पठार जांभ्याचं, म्हणजे कोकणात ज्याला सडा म्हणतात तसं असलं की माझ्या पोटात गोळाच येतो, कारण तिथे खड्डे पाडून, बाहेरून माती आणून झाडं लावायची म्हणजे आधीच भरलेलं घर रिकामं करून परत भरायचं.

आता हे नीट सांगायचं तर सक्सेशनपासून, म्हणजे एकाच जागेवर एकामागून एक वनस्पती बदलत जातात त्यापासून सुरुवात करायला लागते. शाळेत आपण शिकलो ते असं, की उघडा खडक असतो, त्यावर आधी लायकेन येतं म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची भागीदारी, ते आम्ल सोडून खडक हळूहळू झिजवतं, कणभर माती होते, मग मॉस, मग गवत, झुडपं आणि शेवटी जंगल. अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्सने 1916 मध्ये हे पद्धतशीर मांडलं, शेवटच्या टप्प्याला तो क्लायमॅक्स म्हणायचा आणि त्याच्या मते तो टप्पा ठरायचा हवामानावरून. म्हणजे पाऊस भरपूर तर शेवटी जंगलच. पण या हिशोबाने कासच्या पठारावर घनदाट रान हवं होतं, कारण पाऊस तिथे धो धो पडतो. मग नाहीये का?

खडकामुळे. सह्याद्रीच्या माथ्यावर बेसाल्टवर जांभ्याची टोपी आहे, लाखो वर्षं पावसाने विरघळणारं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्यावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीपण नाही. पावसाळ्यात पाणी साचून चिखल, एप्रिल-मेमध्ये तोच कातळ पाय ठेववत नाही एवढा तापतो, आणि जी काही माती तयार होते त्यातली बरीच पुढच्या पावसात वाहून जाते. झाडाने मूळ टाकायचं कुठे? म्हणून इथे सक्सेशन गवत-फुलांच्या टप्प्यावर येऊन थांबतं आणि हजारो वर्षं तिथेच थांबलेलं राहतं. ओसाड आहे म्हणून थांबलेलं नाही, या जागेचा क्लायमॅक्सच हा आहे.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की जे टप्पे पुस्तकात एकामागून एक येतात ते सड्यावर शेजारी शेजारी दिसतात. नागड्या कातळावर लायकेनचे करडे-पांढरे डाग, पुढे उथळ पाण्यात गेंद आणि सीतेची आसवं, माती जरा जास्त तिथे तेरडा आणि सोनकी, कातळाच्या भेगेत एखादं करवंद किंवा अंजन, आणि पठाराच्या कडेला उतरायला लागलात की कारवी आणि तिच्यामागे खरं जंगल. दहा मिनिटांच्या चालण्यात अख्खं सक्सेशन, फक्त मातीची खोली बदलत जाते.

मातीत नायट्रोजन जेमतेम, त्यामुळे इथल्या काही वनस्पती शिकार करतात. ड्रॉसेराच्या पानांवर चिकट थेंब असतात, किडा अडकला की संपला, आणि सीतेच्या आसवांच्या बारीक पिशव्या चिखलातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. वायतुऱ्यासारख्या वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली कंद होऊन पडून राहतात, म्हणूनच मे महिन्यात बघणाऱ्याला वाटतं इथे काहीच नाही. फुलांवर किडे, किड्यांवर बेडूक, बेडकांवर साप, वर घिरट्या घालणारी शिकारी पाखरं, आणि टिटवी-चंडोल तर अंडीच उघड्या जमिनीवर घालतात, त्यांना झाड नकोच असतं. इकोसिस्टीम म्हणजे अजून काय असतं? कासवर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, 2012 मध्ये ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, पण कोकणातल्या शेकडो सड्यांना कुणी वाली नाही, त्यांची नोंद पडीक म्हणून.

कोकणात कातळ फोडून, माती भरून हापूसच्या बागा उभ्या राहिल्यात, त्यावर घरं चालतात, त्याबद्दल मी बोलणार नाही. माझं म्हणणं फक्त पुण्य म्हणून होणाऱ्या लागवडीबद्दल आहे. उन्हात पाणी घालायला कुणी परत येत नाही त्यामुळे रोपं बहुतेक मरतात, पण खणलेल्या खड्ड्यांनी पाण्याची वाट बदलते, आणलेल्या मातीतून तणाचं बी येतं, आणि एखादं झाड जगलंच तर सावली पडते जी गेंदाला चालत नाही.

आता खरंच जंगल वाढवायचंय तर कोकणात जागा भरपूर आहेत. माणसं मुंबईला गेली, भाताची-नाचणीची शेतं सुटली, तिथे माती आहे, बी आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचं सक्सेशन, जे खूप पटकन चालतं. पहिली काही वर्षं गवत, रानमोडी, घाणेरी, बघायला सगळं ओंगळ, मग करवंदाच्या जाळ्या, त्यांच्या काट्यांच्या आडोशाने ऐन, किंजळ, जांभूळ वर येतात. जवळ देवराई असेल तर अजून छान, बिया पाखरं आणतात. तिथे वणवा लागू न देणं आणि कुऱ्हाड थांबवणं हेच मोठं काम आहे, रोप लावायचंच तर शेजारच्या रानातल्या बियांपासून केलेलं लावा, गुलमोहर नको.

आणि पुढच्या पोस्टरवर पठाराचं नाव दिसलं तर निदान आयोजकांना फोन करून एवढं विचारा की सप्टेंबरमध्ये तुम्ही तिथे गेलायत का.